गवताचा रोवणा

जबलपूर,
२ जुलै १९८०

ती. माय हिच्या पायांवर डोकं ठेवून इश्वर लिहितो,

देवाजी गावी पोचला असेल. त्याच्यासोबत गोणपाटात गुंडाळलेली गवताची ठोंबं आणि काळ्या पुडीची पाकिटं पाठवली आहेत. देवाजी गोंदियाच्या गाडीत झोपतो आणि सामान भलत्याच स्टेशनावर उतरतं, म्हणून आधी सगळं आलं का ते बघ.

आता नीट वाच. ही पूड औषध नाही आणि खतही नाही. तिच्यात जिवंत जीव आहेत, डोळ्यांना न दिसणारे. आमच्या प्रयोगशाळेचे साहेब त्यांचं जे नाव घेतात ते घेताना माझीच जीभ अडकते, आपण नुसतं जिवाणू म्हणू. हे गवताच्या मुळांशी राहतात, हवेतलं नत्र ओढून घेतात आणि मुळांना खाऊ घालतात. युरियाच्या गोणीत जे विकत मिळतं ते हे फुकट देतात. फक्त त्यांना जिवंत ठेवावं लागतं. तुझा हात आपोआप चुलीवरच्या शिंक्याकडे जाईल, कारण आपण चांगलं बियाणं धुरातच टांगतो. तसं करू नकोस, धुराने हे मरतील. माठाशेजारी गारव्याला ठेव.

भरडीच्या चढावरच्या हलक्या जमिनीत आपल्या ज्या दोन बांध्या आहेत, मधे धुऱ्याचा बांध असलेले दोन तुकडे, त्या घे. गुळाचं पाणी उकळून गार कर, त्यात पूड कालव, ठोंबांची मुळं बुडव आणि धानाची रोपं लावून रोवणा करतो तसा उजव्या बांधीत रोवणा कर. डाव्या बांधीत हीच ठोंबं, पण नुसत्या गुळाच्या पाण्यात बुडवलेली. पुढे दोन वर्षं दोघींनाही वरून काही द्यायचं नाही.

हे कशासाठी ते सांगतो. साहेब म्हणाले, आपल्या मातीत या जिवाणूंनी काम करून दाखवलं तर भंडारा जिल्ह्यासाठी कुरणाचं केंद्र मागून घेतो, शहापूरला सडकेला लागून, आणि तिथे तुलाच बसवतो. दुसऱ्या वर्षीच्या कापणीत पुडीची बांधी जड भरली पाहिजे, बस. मग मी शहापूरला नोकरी करणार आणि एसटीने रोज संध्याकाळी घरी जेवायला येणार. तेजरामभाऊ गेल्यापासून तू संध्याकाळची चूल पेटवत नाहीस, हे देवाजीने मला सांगितलं आहे. नाही म्हणू नकोस.

तुझा
इश्वर

*

आंधळगाव,
२४ जुलै १९८०

चि. इश्वरला मायचे पोटभर आशीर्वाद.

रोवणा झाला. शेजारची गिरजाबाई धुऱ्यावर कमरेवर हात देऊन उभी होती. म्हणाली, "अवो सत्यभामाबाई, गवत तं आमी निंदून फेकून राहिलो, अन् तुमी रोवून राहिल्या?" मी म्हटलं, "माह्या पोराले सरकार त्याचाच पगार देते." ती हसतच घरी गेली. आता गावात माझं नाव गवत रोवणारी बाई पडलं आहे.

तुझे जीव माठाशेजारी होते. सकाळी पाणी भरताना मी त्यांची विचारपूस करत होते, उत्तर काही आलं नाही. देवाजीने सांगितलं ते खरं आहे. एकटीसाठी चूल पेटवायला हात उठत नाही, सकाळची भाकर पुरते. तू येणार असशील तर पेटवीन.

मी चौथीपर्यंतच शिकले, पण मास्तरांनी अक्षर घोटून घेतलं होतं. म्हणून तुला पत्र पुस्तकातल्यासारखं लिहिते. तुझ्या मित्रांना दाखवून हसू नकोस.

दोन्ही बांध्यांना मी नावं ठेवली, कारण नावाशिवाय मला निंदण करता येत नाही. उजवी तुझी आणि डावी तेजरामची. तुला शाळा मिळाली, तुझ्या बांधीला पूड मिळाली. तेजराम गुरांमागे गेला म्हणून तुला भंडाऱ्याच्या बोर्डिंगात ठेवता आलं. त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही, उलट तुझं पुस्तक तोच कापडात बांधून द्यायचा. गुरं चारता चारता कुरणातच त्याला साप लागला आणि तो गेला. निंदताना हे सगळं मनात येतं म्हणून लिहिलं. तू वाईट वाटून घेऊ नकोस, त्याला गुरांमागे धाडलं तेव्हा तू लहान होतास.

तुझी
माय

*

जबलपूर,
२२ नोव्हेंबर १९८०

ती. मायला इश्वरचा नमस्कार.

दिवाळीला आलो, तुझ्या हातचं खाल्लं, आणि इथे परतल्यापासून मेसची डाळ घशाखाली उतरत नाही. पण मन मात्र आनंदात आहे. तू पाहिलंस ना? उजवी बांधी बोटभर उंच होती आणि रंग कसा गडद! मी मुळं उपटून बघत होतो तेव्हा तू डाव्या बांधीच्या धुऱ्यावर उगीच बसून राहिलीस. मी तुला हाक मारली तरी आली नाहीस. पाय दुखत होते का?

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, डोळ्यांवर जाऊ नकोस, काट्यावर जा. पुढच्या वर्षी कापणीला ते त्यांचा माणूस पाठवणार आहेत. शेत घरचं आहे म्हणून मला वजन करता येणार नाही. माझी हरकत नाही, गवत काही माझी ओळख बघून वाढत नाही.

शहापूरच्या जागेची बोलणी सुरू आहेत. माय, मी आता रात्रीच्या जेवणात काय हवं त्याची यादी करायला लागलो आहे.

तुझा
इश्वर

*

आंधळगाव,
१४ मे १९८१

चि. इश्वरला आशीर्वाद.

अक्ती झाली, तुमच्या कॅलेंडरातली अक्षय तृतीया. तेजरामच्या नावाची घागर भरली, पान वाढलं. आपल्याकडे अक्तीला पितरांना जेवू घालतात आणि त्याच दिवसापासून खताच्या टोपल्या शेतावर न्यायला लागतात, हे तुला आठवत असेल. मी घागर भरली आणि मग भरडीवर गेले. तुझ्या बांधीतल्या ठोंबांत उन्हातसुद्धा जीव आहे. त्याच्या बांधीत नुसता कडबा. घरी पान वाढायचं आणि शेतात असं, हे मला बरं वाटलं नाही.

मी विचारते, त्याच्या बांधीत थोडं शेणखत पडलं तर तुझ्या साहेबाला राग येईल का? युरिया नाही म्हणत मी, घरचं शेणखत.

तुझी
माय

*

जबलपूर,
९ जून १९८१

ती. मायला नमस्कार.

साहेबांना नाही, मला राग येईल! अगं, डावी बांधी ही आपली फूटपट्टी आहे. ती जशी आहे तशी राहिली तरच उजवीचं पोट कशाने भरलं ते कळेल. तू बांध्यांना नावं ठेवून स्वतःला छळून घेतेस. ते गवत आहे, माय. एक वर्ष कळ काढ, मग दोघींना हवं तेवढं खत घाल, मी स्वतः टोपल्या वाहीन.

घाईत आहे, शेवटची गाडी टपाल घेऊन जाते.

इश्वर

*

जबलपूर,
१८ डिसेंबर १९८१

ती. मायला नमस्कार.

साहेबांचा माणूस परत आला. त्याच्या काट्यावर दोन्ही बांध्या सारख्या भरल्या, उजवी तसूभरही जड नाही. मला समजत नाही. गेल्या वर्षीच्या दिवाळीला मी स्वतःच्या डोळ्यांनी फरक पाहिला होता. साहेब म्हणतात की सुरुवातीला दिसलेलं काहीतरी असेल, पुडीने काही केलं नाही. सारखं भरलं की फाईल बंद, असा इथला नियम.

बांध्यांना खत दिलं का म्हणून त्यांच्या माणसाने तुला विचारलं, तू नाही म्हणालीस, असं त्याने लिहून आणलं आहे. मग चूक माझीच कुठेतरी असणार. तीन दिवस जेवण गेलं नाही. तुला लिहायचं नव्हतं, पण दुसऱ्या कोणाला लिहू?

इश्वर

*

आंधळगाव,
५ जानेवारी १९८२

चि. इश्वरला मायचे आशीर्वाद.

वेड्या, जेवण कशाला सोडतोस! तुझी काही चूक नाही. तुझ्या जिवांचीही नाही.

फरक होता, तो मी भरून काढला. त्या माणसाने विचारलं, युरिया दिला का, सुपर फॉस्फेट दिलं का. मी नाही म्हटलं, ते खरंच होतं. शेणखताचं त्याने विचारलं नाही. तुझं नको म्हणणारं पत्र आलं तोवर अक्तीची पहिली टोपली तेजरामच्या बांधीत पडून गेली होती. पानात वाढलेलं परत कसं उचलायचं? आणि एकदा वाढलं की दुसऱ्यांदा विचारावं लागतं. म्हणून मग पावसाळाभर घालत गेले. डोक्यावर टोपली घेऊन भरडी चढताना दम लागत होता, पण त्याची बांधी हिरवी झाली तेव्हा मी धुऱ्यावर बसून मोठ्याने बोलले, "घे बापू, आता दोघंबी बरोबर झाले."

तुझ्या बांधीतलं मी काहीच काढून घेतलं नाही. ती जशी वाढायची तशीच वाढली. एवढंच साहेबाला सांग, म्हणजे त्याला उमजेल की पूड चांगली आहे. मग केंद्र देईल. शहापूरला कधी येतोस ते कळव, मी चुलीला नवी माती लावून घेते.

तुझी
माय

*

जबलपूर,
२७ फेब्रुवारी १९८२

ती. मायला साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. साहेबांना सांगितलं. ते हसले, म्हणाले, आई आहे, असंच करणार. तू काही वाईट केलं नाहीस. भाऊची बांधी हिरवी झाली हे वाचून मलाही बरं वाटलं.

केंद्राला जरा वेळ लागेल, सरकारी कामं तुला माहीत आहेत. तोवर मला आसामात जोरहाटला पाठवत आहेत. तिथल्या कुरणांचं काम मोठं आहे, पगारही थोडा वाढेल. लांब आहे म्हणून एकदम घाबरू नकोस. निघण्याआधी घरी यायला जमेल असं दिसत नाही.

चुलीला माती लावलीस तर राहू दे, कामाला येईल.

तुझा
इश्वर

*

आंधळगाव,
३ ऑक्टोबर १९८२

इश्वर,

आशीर्वाद तर आहेतच, पण आज मला तुझ्यावर रागवायचं आहे आणि रागावता येत नाही.

ग्रामसेवक भय्याजी गुरांच्या लशीसाठी आला होता. मी त्याला कौतुकाने दोन्ही बांध्या दाखवल्या, कोणती तुझी, कोणती तेजरामची, कुठे पूड, कुठे शेणखत, सगळं सांगितलं. शहापूरचं केंद्र कुठवर आलं म्हणून विचारलं. तो डोक्याला हात लावून खाली बसला. म्हणाला, "मावशी, एका बांधीले पूड अन् दुसरीले शेणखत, मंग पुडीनं काय केलं हे कोन सांगन? हे दोन साल तं पान्यात गेले. केंद्र काई येत नाही आता." मी म्हटलं, "मी पोराले लिवलं होतं, तो तं चांगलं केलं म्हने." भय्याजी टोपी झटकत उठला.

मी तिथेच बसून राहिले. तू फूटपट्टी म्हणाला होतास ते मला त्या दिवशी कळलं. मीच तुला आसामात धाडलं. माझ्या या दोन हातांनी टोपल्या वाहून धाडलं, आणि वर तुला विचारत होते कधी येतोस.

तू मले सांगतलं काहून नाही रे? शिव्या द्यायच्या होत्या. तू चांगलं केलंस असं का लिहिलंस?

माय

*

जोरहाट,
१६ जानेवारी १९८३

माय,

तुझं पत्र इथे यायला फार दिवस लागले. इथे सारखे बंद असतात, टपाल अडकून पडतं. पण आता जे आहे ते सगळं लिहितो.

साहेबांना मी खरंच सांगितलं होतं. ते हसले मात्र नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, दोन वर्षं संपली, पैसे परत गेले, आता कोणाच्या आईसाठी आणखी दोन वर्षं कुठून आणू? ते वाईट माणूस नव्हते. गेल्या पावसाळ्यात निवृत्त झाले. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांमध्ये जे जिवाणू मी ठेवून आलो होतो त्यांना काही दिवसांनी नवं अन्न द्यावं लागतं. माझ्यामागे ते कोणी दिलं नाही. सगळे मेले, असं तिथल्या एकाने कळवलं. म्हणजे काम संपलं, माय. तू कशाचीही वाट पाहू नकोस.

तुला का सांगितलं नाही? भाऊ एकदा शाळेविना उपाशी राहिला तो माझ्यासाठी. दुसऱ्यांदाही माझ्याचसाठी त्याला उपाशी ठेव, असं मी एकदा घाईत लिहून बसलो होतो; पुन्हा ते तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? नोकरी गेली असती तरी मला ते लिहवलं नसतं.

आणि एक गोष्ट तुला आधीच सांगायला हवी होती. ते जिवाणू मी कुठून नेले, माहीत आहे? मी सुट्टीत आलो की भाऊ मला कुरणात न्यायचा, पळसाच्या झाडांपलीकडे. म्हणायचा, "गाई सोडल्या का पयले याच गवताले तोंड लावते, काहून ते तुह्या पुस्तकात पाह्य." पुस्तकात नव्हतं. तो गेल्यावर मी तिथलीच मुळं खणून जबलपूरला नेली आणि त्यांतूनच ते जीव निघाले. पुडीत होतं ते भाऊचं होतं. तू ज्या बांधीला माझी म्हणत होतीस तीच त्याची होती. तो पहिल्या दिवसापासून पोटभर जेवत होता, माय. तू उगीच टोपल्या वाहिल्यास.

रडू नकोस. मी इथे बरा आहे. भात मिळतो. सुट्टी मात्र केव्हा मिळेल ते सांगता येत नाही.

तुझा
इश्वर

*

आंधळगाव,
११ डिसेंबर १९८३

चि. इश्वरला मायचे आशीर्वाद.

तुझं पत्र माघात आलं. उत्तराला एवढा उशीर केला तो जाणूनबुजून. कापणी होईपर्यंत लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुझी मधली दोन पत्रं आली, काळजी करत होतास, तरी लिहिलं नाही.

तू तेजरामचं लिहिलंस ते वाचून आधी वाटलं की माझी समजूत घालतोस. लहानपणापासून तुला ते जमतं. मग मी कुरणात गेले. पळसापलीकडे अजून तुझ्या खणण्याचा खड्डा आहे, पावसाने बुजत आला आहे. तिथे बसले आणि पटलं. आता उजवी बांधी तेजरामची. तो जेवला, एवढं मला पुरे. त्याच्यासाठी मी आता रडत नाही.

मग डावी कोणाची, हा प्रश्न आला. तुझी म्हणवेना. परमुलखात तू काय खातोस ते मला दिसत नाही, आणि इथेही तुला उपाशी ठेवू? म्हणून डावी मी माझी केली. या अक्तीपासून तिला काही घातलं नाही. गाय शेण टाकून गेली तर मी तेही उचलून धुऱ्यापलीकडे नेलं. आपल्याच नावाची असली की उपाशी ठेवायला काही जड जात नाही, हे मला आधी कळलं असतं तर तू आज शहापूरला असतास. आधीच्या शेणखताचा जोर होता, तरी श्रावण सरता सरता ती पिवळी पडायला लागली. मला इतका आनंद झाला की गिरजाबाईला हाताला धरून दाखवायला नेलं. ती पदर डोळ्यांना लावून परत गेली. तिला यातलं काही समजत नाही.

कापणी भय्याजीसमोर केली. टिकारामच्या दुकानातला काटा आणला. उजवी जड भरली, इश्वर, चांगली जड भरली. भय्याजीला मी ते कागदावर लिहायला लावलं, तो कागद सोबत आहे. लिहिताना तो म्हणत होता, "मावशी, आता हे पाह्यनारा कोनी नाही." मी म्हटलं, "तू लिव, बापू." साहेब घरी बसले असतील तर त्यांच्या घरच्या पत्त्यावर पाठव. बंद झालेली फाईल उघडायला किती वेळ लागतो? नळीतले जीव मेले म्हणतोस, पण इथल्या मातीत आहेत. येऊन घेऊन जा म्हणावं.

माझी तब्येत बरी आहे. आता भरडी चढताना मधे बसावं लागतं आणि जेवण थोडं कमी झालं आहे, ते वयाने. चुलीची माती तडकली होती, परवा पुन्हा लावली.

डावीला मी आता काही घालणार नाही. तू आलास की तुझ्या हाताने तिला एक टोपली शेणखत घाल.

तुझी
माय